वरच्या मजल्यावरची फणी

१

लव्हिना खिडकीत केस विंचरायला बसली की माझं डोकं उठायचं.

रोज सकाळी हेच. दुकानाच्या दर्शनी काचेमागे लाल मखमलीची खुर्ची, तिच्यावर रस्त्याकडे पाठ करून लव्हिना, आणि तिच्या पाठीवरून पार जमिनीपर्यंत सोडलेले पिकल्या गव्हाच्या रंगाचे केस. ती फणी घेऊन वरपासून खालपर्यंत सावकाश हात फिरवायची आणि बाहेर माणसं गोळा व्हायची. त्या उन्हाळ्यात शिकागोला जागतिक जत्रा भरली होती. जत्रेला जाणारे लोक वाटेत आमच्या काचेला नाक लावून उभे राहायचे आणि मग आत येऊन डॉक्टर पेल यांच्या केशामृताची बाटली घेऊन जायचे. बाटलीत नळाचं पाणी, थोडं ग्लिसरीन आणि गुलाबाचा अर्क असायचा. लव्हिनाचे केस तिला आईकडून मिळाले होते, आयोवातल्या शेतावर. पण डॉक्टर लोकांना फसवतात असं मला कधी वाटलं नाही. लोकांना आशा लागते, ती ते बाटलीत भरून देतात, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. प्रेमात पडलेल्या बाईला काहीही पटतं.

हो, प्रेमातच. मी मारित. स्वीडनमधल्या ज्या गावातून मी आले तिथल्या बायका केस विणतात. केसांचे पेड पाडून त्यांच्या अंगठ्या, ब्रोच, पुरुषांच्या घड्याळाच्या साखळ्या. कुणाला बायकोच्या केसांची हवी असते, कुणाला गेलेल्या लेकराच्या. दुकानाच्या मागच्या खोलीत माझं गोल मेज होतं. त्याला मधोमध भोक, आणि कडेनं केसांच्या टोकांना बांधलेली शिशाची वजनं लोंबत. मी तिथे दिवसभर बसायचे आणि मधल्या दारातून लव्हिनाकडे बघायचे. डॉक्टर तिच्याजवळून जाताना जरा थांबायचे, एखादी बट काचेकडे नीट करून ठेवायचे. त्या बटेकडे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मला त्यांनी शब्द दिला होता. म्हणजे अगदी शब्द असा नाही. "जत्रा संपू दे मारित, मग तुझं-माझं शांतपणे बोलू," एवढंच ते म्हणाले होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी त्या वाक्यावर जगत होते. मिसेस पेल व्हायचं, एवढीच एक गोष्ट मला आयुष्यात हवी होती, आणि मधे ही गव्हाची पेंढी येऊन बसली होती.

तिच्याआधी सेलेस्टा होती. तांब्याच्या रंगाचे केस, आणि गर्व तर विचारूच नका. फणी खाली आली की शेवटी मनगटाला एक लाडिक झटका द्यायची. वसंतात एका सकाळी खुर्ची रिकामी दिसली. "डेन्व्हरला गेली, लग्न ठरलं तिचं," डॉक्टर म्हणाले. मी त्या दिवशी दालचिनीचा पाव आणला आणि एकटीनं सगळा खाल्ला.

२

जत्रा ऐन भरात असताना डॉक्टरांनी माझ्या मेजावर एक पुडकं ठेवलं.

"माझ्यासाठी साखळी विण," ते म्हणाले. "घड्याळाची. तुझ्या हातची मला घालायचीय."

मी हरखले. पुडकं उघडलं, आणि आत तांब्याच्या रंगाच्या केसांची जुडी होती.

"हे कुणाचे?" मी विचारलं, जसं काही मला कळतच नव्हतं.

"एका मैत्रिणीची आठवण," ते म्हणाले, आणि गोड हसले.

ते गेल्यावर मी जुडी उजेडात धरली. आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगते. कापलेल्या केसाला मूळ नसतं. फणीत निघालेल्या केसाला असतं, पण ते गुंतवळ. त्यातली मुळं इकडे-तिकडे झालेली असतात, एकेक केस चिमटीत धरून सरळ करून घ्यावा लागतो. या जुडीतल्या केसांना मुळं होती, आणि सगळी एकाच बाजूला. बारीक पांढरे कण, ओळीनं बसलेले. असे केस मी जन्मात पाहिले नव्हते. त्यांना औषधाचा गोडसर वास येत होता. सोड्याच्या पाण्यात उकळले, धुतले, तरी वास हटेना.

दुसऱ्या कुणाच्या मनात काय आलं असतं कोण जाणे. माझ्या मनात आमचं गाव आलं. आमच्याकडे लग्न ठरलेल्या माणसाला द्यायचे केस कात्रीनं कापत नाहीत. कात्री लागली की नातं तुटतं, असं आई सांगायची. मुलगी आपल्या हातानं दोन-चार केस मुळासकट उपटून देते, डोळ्यांत पाणी येईतो. तेवढं दुखणं सोसलं तर ते प्रेम.

आणि सेलेस्टानं इतके दिले होते. डेन्व्हरच्या त्या नवऱ्याशी लग्न लागायच्या आधी इथे डॉक्टरांना अख्खी जुडी, मुळासकट. स्वतःच्या डोक्यावर काय ठेवलंस गं बये, असं मी रागानं मनात म्हटलं, आणि पुढे त्याचा विचार केला नाही. मी नुसती जळत होते. मला त्यांनी कधी एक केस मागितला नव्हता.

साखळी मी विणली. उत्तम विणली. ते रोज ती कोटावर मिरवायचे आणि बोलता बोलता बोटानं कुरवाळायचे.

३

आवाज साखळी विणून झाल्यावर यायला लागला, की आधीपासून येत होता आणि माझं लक्ष नव्हतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

माझ्या मेजामागच्या भिंतीत एक लोखंडी नळी होती, वरच्या मजल्यावर गेलेली. कशाची ते मला ठाऊक नव्हतं. ती इमारत डॉक्टरांनी स्वतः बांधून घेतली होती, आणि गवंडी, सुतार सारखे बदलले होते, त्यामुळे वर काय कुठे आहे ते एका डॉक्टरांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्या नळीतून फणीचा आवाज यायचा.

फणीचा आवाज मी झोपेतही ओळखेन. पण केसांतून जाणारी फणी मऊ वाजते, जराशी कुजबुजते. ही कोरडी वाजत होती. एक लांब ओढ, मग थांबा, मग पुन्हा ओढ. मला आधी वाटलं लव्हिनाचाच आवाज कुठून तरी घुमून येतोय. म्हणून मी मधल्या दारातून तिच्याकडे बघत राहिले. तिचा हात वर गेला की नळीत शांत. तिचा हात खाली यायला लागला की नळीत ओढ सुरू. दोघी एकाच तालात. मग लव्हिना शिंकली, तिचा हात थांबला. नळीतली फणी थांबली नाही.

फरशी पुसायला ग्रोगनबाई यायच्या. आयरिश विधवा, तोंडानं फटकळ. मी त्यांना नळीला कान लावायला लावला.

"उंदीर," त्या म्हणाल्या.

"उंदीर केस विंचरतात होय?"

"इथले विंचरतही असतील. केशामृत पीत असतील मेले." मग त्यांनी पुन्हा कान लावला आणि त्यांचं हसू ओसरलं. "वर मला पाऊल टाकू देत नाहीत डॉक्टर. सगळी इमारत पुसून घेतात, वरचा मजला नाही. स्वतः पुसतात म्हणे. मला सांग, कुठला पुरुष स्वतः फरशी पुसतो?"

"त्यांना स्वच्छतेची आवड आहे."

"आणि तुला त्यांची," ग्रोगनबाई म्हणाल्या, आणि बादली उचलून चालत्या झाल्या.

४

मग एके दिवशी डॉक्टर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मारित, लव्हिनाच्या केसांची एक साखळी झाली तर कशी दिसेल? जरा अंदाज घे. तिला उगाच सांगू नकोस, लाजेल."

हे ते मला विचारत होते. माझ्या हातांना.

मी लव्हिनामागे जाऊन उभी राहिले आणि तिचे केस हातावर तोलून पाहिले. जड होते, थंड होते, आणि मला ते खस्सकन ओढावेसे वाटले.

"मिस मारित, तुम्ही माझ्यावर रागावलात का?" तिनं वळून विचारलं. साधी पोर होती. "डॉक्टर म्हणतात जत्रा संपली की माझं चांगलं बघतील. माझ्या नावानं कसला तरी विमाही उतरवलाय त्यांनी. इतकं कोण करतं हो परक्यासाठी?"

जत्रा संपली की. तेच शब्द. पाय घेऊन जातील तिकडे गेले, आणि पाय मला मागच्या जिन्यावर घेऊन गेले. डॉक्टर एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. जिन्याचं दार नेहमी कुलपात असायचं, त्या दिवशी नुसतं लोटलेलं होतं.

वर अंधारा बोळ होता, दोन्ही बाजूंना दारं. भरदुपारीसुद्धा तिथे दिवा लागला असता. तो गोडसर वास होता, आणि फणीचा आवाज होता. बोळाच्या टोकाची खोली किंचित उघडी होती. मी फटीतून बघितलं.

आत खुर्ची होती, दाराकडे पाठ केलेली. खुर्चीत एक बाई बसली होती. तिच्या डोक्यावर पांढरं फडकं होतं, मानेपर्यंत उतरलेलं, आणि फडक्याच्या खाली मान उघडी होती. ती फणीनं विंचरत होती. हात डोक्यावरून सुरू व्हायचा, फडक्यावरून खरडत खाली यायचा, मग मानेखाली, पाठीवरून, नुसत्या हवेतून, थेट खुर्चीच्या खालपर्यंत. तिथे काहीच नव्हतं. केस पुढे घेतले असतील, मी मनाशी म्हटलं. पण पुढे घेतलेले केस कुणी मागे कशाला विंचरेल? अंधारात नीट दिसत नसेल. तेवढ्यात फणी खाली पोचली आणि मनगटाला एक झटका बसला. लाडिक झटका.

सेलेस्टा.

माझे हातपाय गार पडायला हवे होते. खरं सांगते, मला त्या क्षणी भीती शिवलीसुद्धा नाही. माझं डोकं भडकलं. म्हणजे डेन्व्हर नाही, लग्न नाही, काही नाही. डॉक्टरांनी हिला इथे वर ठेवलीय, गुपचूप, राणीसारखी, आणि मी खाली बसून तिच्या केसांच्या साखळ्या वळतेय.

ती थांबली. फणी हवेत धरून तिनं मान वळवायला सुरुवात केली. मला तिचं तोंड बघायचं नव्हतं. त्या तोंडावरचं हसू मला सहन झालं नसतं. मी खाली निघून आले.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लव्हिनाला तिच्या खुर्चीपाशीच गाठलं.

"तुझं चांगलं बघणार आहेत ना ते? मग हे ऐक. वर एक बाई ठेवलीय त्यांनी. तुझ्याआधी या खुर्चीत बसायची ती. लग्न करून गेली म्हणून सांगतात, आणि ती वर बसलीय. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय."

लव्हिनाचा चेहरा उतरला. "वर? पण मला त्यांनी आज वर बोलावलंय. दुपारी. माझं छायाचित्र काढणार आहेत म्हणाले."

माझा पारा आणखीच चढला. "जा मग. दोघी जणी एकमेकींचे केस विंचरा."

पोर झटकन खुर्चीवरून उठली. आईबापांनी वाढवलेली, देवाधर्माची पोर होती. तिला ठेवलेली बाई हा शब्दच पुरे झाला. तिनं टोपी घातली, केस कसेबसे त्यात कोंबले आणि माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही माझ्यावर फार उपकार केलेत, मिस मारित." दुपारच्या गाडीनं ती आयोवाला गेली. मला तिच्यावर उपकार बिपकार काही करायचे नव्हते. मला खुर्ची रिकामी हवी होती.

ग्रोगनबाई तिला स्टेशनावर सोडून आल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बरं झालं गेली. आता तूही जा, पोरी."

"मी का जाऊ?"

"सेलेस्टाची ट्रंक अजून तळघरात आहे. कपडे, बूट, आईची तसबीर, सगळं आत. आज कोळसे काढताना दिसली मला. लग्नाला निघालेली बाई बूट विसरून जाते?"

"विसरली नाही," मी म्हटलं. "गेलीच नाही. वर राहतेय ती. मी पाहिलीय."

ग्रोगनबाईंनी माझा दंड धरला. "पाहिलीस? जिवंत?"

"फणी फिरवत बसली होती. मेलेली माणसं फणी फिरवतात होय?"

त्यांनी छातीवर क्रूस काढला. "माझ्या घरी चल. आत्ता. टोपीसुद्धा घेऊ नकोस. उद्या माझ्या दिराला सोबत घेऊन येऊ, तो पोलिसात आहे."

"तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही," मी म्हटलं. मी खरंच तसं म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या दिराला शोधायला एकट्याच निघून गेल्या.

६

डॉक्टर आले, आणि त्यांनी रिकामी खुर्ची पाहिली.

मला वाटलं रागावतील. ते रागावले नाहीत. दुकानाचं दार त्यांनी हळूच लावून घेतलं आणि माझ्या मेजाजवळ आले.

"तू घालवलीस तिला?"

"हो."

"का?"

"कारण मला तुम्ही हवे आहात." इतक्या दिवसांचं साचलेलं एकदम बाहेर पडलं. "आणि आता वरच्या बाईलाही घालवा. मग मी तुम्हाला काही विचारणार नाही. ती असेल तर मी नाही. सांगून ठेवते."

"वर कोणी बाई नाही, मारित."

"सेलेस्टा आहे. कशाला खोटं बोलता? मी पाहिली तिला. खुर्चीत बसली होती, केस विंचरत होती."

डॉक्टरांचं बोट साखळीवर होतं. ते थांबलं. त्यांचा चेहरा मी इतके दिवस रोज पाहिला होता, पण त्या क्षणी तो ओळखू येईना. सगळं रक्त उतरून गेलं होतं. मग अगदी हलक्या आवाजात, जणू मला नाही, स्वतःलाच विचारावं तसं, ते म्हणाले,

"कसले केस?"

सापडलात, असं मला वाटलं. चोराच्या मनातलं तोंडावर आलं. मी हात कमरेवर ठेवून उभी राहिले.

त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं. हसू परत आलं, जागच्या जागी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांची नजर माझ्या केसांवर गेली. माझे केस तसे काही नव्हेत. तपकिरी, कंबरेपर्यंत. पण ते बघत राहिले.

"चांगले आहेत," ते म्हणाले. "मी कधी नीट पाहिलेच नव्हते. चल, वर चल. तुझ्या डोळ्यांनी खात्री करून घे, म्हणजे तुझ्या मनात काही राहायला नको."

जिन्यावर त्यांनी मला पुढे घातलं. हातात हात दिला. बाहेर रस्त्यावरून जत्रेचा बँड वाजत चालला होता. माझ्या मनात आलं, लव्हिनाला असं हाताला धरून कधी नेलं नव्हतं.

७

बोळाच्या टोकाचं दार त्यांनी उघडलं आणि बाजूला झाले.

मी ताडताड आत गेले, काय काय बोलायचं ते ठरवून. खुर्ची होती. फडकं जमिनीवर पडलं होतं. भिंतीच्या तळाशी त्याच लोखंडी नळीचं तोंड होतं. खोलीला खिडकी नव्हती. आणि खोलीत कुणी नव्हतं.

कुणीही नव्हतं. मी खुर्चीमागे बघितलं, दाराआड बघितलं. सेलेस्टा नाही, लव्हिना नाही, जगातली कुठलीच बाई नाही. मला इतका आनंद झाला की मला हसूच आवरेना. मी उगाच त्यांच्यावर संशय घेतला होता. अंधारात काही तरी पाहिलं आणि डोक्यात राख घालून घेतली. ते माझे होते. एकट्या माझे.

मागे दार लागलं. जाड दार होतं, लागताना आवाजही झाला नाही, नुसती कानात हवा दाटली. बाहेरून अडसर सरकला.

"डॉक्टर?"

"केस मोकळे सोड, मारित," दारापलीकडून ते म्हणाले, अगदी मायेनं. "मी आलोच."

मी केसांतले काटे काढले. एकेक काढून खुर्चीवर ठेवले. केस पाठीवर सोडले आणि वाट बघत उभी राहिले, नव्या नवरीसारखी. नळीतून हळूहळू तो गोडसर वास यायला लागला. डोळे चुरचुरले. दम लागला. मी नळीपाशी वाकले, तिथे वास जास्तच होता.

मग माझ्या पाठीमागे फणीचा आवाज सुरू झाला. अगदी जवळ. लांब, कोरडी ओढ, आणि या वेळी ती माझ्या केसांच्या टोकांशी येऊन थांबली. कुणी तरी माझी बट हातावर तोलून पाहत होतं, तसं मला जाणवलं. मी वळून बघणार होते, पण त्याच वेळी नळीतून डॉक्टरांचा आवाज वर आला.

"या, आत या," ते खाली कुणाला तरी म्हणत होते. "जागा रिकामीच आहे. टोपी काढता का जरा? वा. कुठल्या गावच्या तुम्ही?"

उत्तर देणारा आवाज बाईचा होता, कोवळा. ती हसली. तेही हसले.

मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागले. छाती भरून आली होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण त्याचं मला काही नव्हतं. खाली कोण आलीय ते मला बघायचं होतं.